रोजची गाडी आणि कधीतरी ट्रॅक डे: ब्रेकवर कमी खर्चात काय करावं, दोन वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर जोरात पळवायला, जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने ऑफिस गाठायचं असेल तर पहिलं ब्रेक ऑइल बदला, मग पुढचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे, बदला, आणि बाकीची खरेदी सध्या बाजूला ठेवा. मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), भोकाभोकांच्या डिस्क, लाल रंगाचे किट, यातलं काहीच पहिल्या फटक्यात घेऊ नका. मी मध्येच भलत्या गोष्टी घेतल्या आणि बरेच पैसे वाया घालवले, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय, कारण हा विषय नुसत्या हौसेचा नाही, ट्रॅकवर ब्रेक गेला की काय होतं ते मी बघितलंय.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, मी बसल्यावर साधारण १२०० किलो. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क आणि एका पिस्टनचे स्लायडिंग कॅलिपर, मागे साध्या सॉलिड डिस्क. कॅलिपर आजही कंपनीचेच आहेत. आत मोटूल आरबीएफ ६०० ऑइल, पुढे फेरोडो डीएस२५०० पॅड, मागे कंपनीच्या दर्जाचे पॅड, डिस्क कंपनीच्याच मापाच्या साध्या, आणि चारही चाकांना स्टीलच्या जाळीचे होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या. दोन वर्षांत आठ ट्रॅक डे झाले आणि मधले सगळे दिवस ट्रॅफिक, पाऊस, सामान, घरची माणसं, जे काय रोजच्या गाडीला करावं लागतं ते सगळं.

आता सुरुवात कुठून झाली ते. पहिल्या ट्रॅक डेला गाडी पूर्ण स्टॉक होती, आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालेलं, पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक, त्यामुळे मी निवांत होतो. पहिलं सेशन मस्त गेलं. दुसऱ्या सेशनच्या चौथ्या लॅपला लांब स्ट्रेट संपताना ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही, ते खाली जातच राहिलं. पोटात गोळा आला. पाय उचलून परत दाबला, परत, तिसऱ्या वेळी कुठे थोडा दाब मिळाला, तोपर्यंत कॉर्नर हुकला होता आणि मी सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत गेलो. तिथे जागा होती म्हणून गाडीला ओरखडाही आला नाही. भिंत असती तर आज हे लिहीत बसलो नसतो.

पिटमध्ये आल्यावर एका अनुभवी माणसाने मला एकच प्रश्न विचारला, पेडल कडक होतं की मऊ? तो प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारतो, कारण सगळं त्यावरच ठरतं. पेडल कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी मात्र थांबत नाही, तर पॅड तापून गेले, त्यांची पकड संपली. पेडल मऊ पडलं, लांब गेलं, दोन-तीनदा मारल्यावर दाब आला, तर ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, पण उकळून त्याची वाफ झाली की वाफ दाबली जाते, मग तुमच्या पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो आणि पिस्टनपर्यंत काही पोचतच नाही. माझं ऑइल उकळलं होतं. सर्व्हिसिंगच्या बिलात ब्रेक चेक केल्याची खूण होती, पण ऑइल तीन वर्षांत कुणी बदललंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रस्त्यावर कधीच न जाणवणारी गोष्ट ट्रॅकवर पंधरा मिनिटांत का होते याचा हिशोब मी नंतर बसून केला, तो इथे देतो कारण त्याने डोकं एकदम साफ होतं. १२०० किलोची गाडी १६० वरून ६० वर आणायची म्हणजे जवळपास १ मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत घालवायची. रस्त्यावर १०० वरून पूर्ण थांबलात तरी त्याच्या निम्म्याहून कमीच लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यातलं सत्तर टक्के काम पुढची चाकं करतात असं धरलं, आणि पुढची एकेक डिस्क ५ किलो बिडाची धरली, तर मध्ये वारा लागला नाही असं मानून प्रत्येक ब्रेकला डिस्क साधारण दीडशे डिग्रीने तापते. एका लॅपमध्ये असे तीन-चार ब्रेक, आणि दोन ब्रेकच्या मध्ये गार व्हायला काही सेकंद. म्हणजे पहिली लॅप संपेपर्यंतच डिस्क रस्त्यावर कधी जाणार नाही एवढ्या तापमानाला गेलेली असते.

म्हणून ब्रेकची ताकद वाढवायच्या मागे लागू नका असं मी म्हणतो. गार असताना तुमच्या स्टॉक ब्रेकने एबीएस लागतं ना? मग ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे, एका थांबण्यात मोठे ब्रेक लावून काही कमी होणार नाही, ते काम टायरचं. घोडं अडतं ते विसाव्या ब्रेकला. पहिल्या ब्रेकला जसं थांबलं तसंच विसाव्याला थांबलं पाहिजे, पैसे त्यासाठी मोजायचे.

ब्रेक ऑइल. माझ्या मते सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. मानकं अशी आहेत की डॉट ३ ताजं असताना कमीत कमी २०५ डिग्रीला उकळायला हवं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला. हे सीलबंद बाटलीतलं. पण ही ग्लायकॉलची ऑइलं हवेतलं पाणी ओढून घेतात, रबरी होजमधूनसुद्धा, आणि साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की तेच डॉट ४ १५५ ला उकळलं तरी नियमात बसतं. माझं तीन वर्षं जुनं ऑइल कुठे असेल बघा. मोटूल आरबीएफ ६०० चा ताजा आकडा ३१२ आहे, एटीई टाइप २०० चा २८०. पाणी मुरल्यावर मात्र दोन्ही २०० च्या आसपास येतात, म्हणून ही ऑइलं घातली की दरवर्षी, आणि ट्रॅक जास्त होत असेल तर सहा महिन्यांनी बदलायची, एकदा घातलं आणि विसरलं असं चालत नाही. कॅस्ट्रॉल एसआरएफ पाणी मुरल्यावरही २७० च्या आसपास टिकतं आणि ज्यांना सारखं बदलायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ते उत्तम, पण ते भलतंच महाग पडतं आणि वर्षाला तीन-चार दिवसांसाठी माझ्या मते गरज नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते ५.१ चं भावंड नाही, एबीएसच्या गाडीत घालू नका आणि बाकीच्यात मिसळू नका.

मी आणि धाकट्या भावाने घरीच बदललं. तो आत बसून पेडल मारायला आणि मी चाकाशी निपलवर (ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) पाना लावून. दाब, धरून ठेव, सोडू नकोस, हां आता सोड, असं दोन तास चाललं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक जुन्या बरणीत बुडवलं होतं. मागच्या डाव्या चाकातून पहिल्यांदा आलेलं ऑइल काळपट तपकिरी होतं, त्यात बारीक काळे कण तरंगत होते, आणि पुढच्या उजव्या चाकातून आलं त्यात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे एकामागून एक नळीतून सरकताना दिसले. अशी अडकलेली हवाही वाफेसारखीच दाबली जाते आणि पेडल मऊ करते. नळीत स्वच्छ फिकट रंग दिसेपर्यंत थांबलो. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, एकदा हवा एबीएसच्या युनिटमध्ये गेली की घरी निघत नाही. आणि रंगावर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, हे ऑइल गाडीचा पेंट उचलतं. उरलेली उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, तीही तोपर्यंत पाणी ओढते.

नुसतं ऑइल बदलून, बाकी सगळं स्टॉक ठेवून मी दुसरा ट्रॅक डे केला. पेडल शेवटपर्यंत मऊ पडलं नाही. एका बाटलीचा खर्च आणि एका संध्याकाळचं काम. पाचपैकी पाच.

त्याच दिवशी दुसरी मर्यादा मात्र पुढे आली. पेडल कडक राहिलं पण पाचव्या लॅपनंतर ब्रेक लाकडावर दाबल्यासारखा वाटायला लागला, गाडी थांबायला अंतर वाढत गेलं आणि पिटमध्ये आल्यावर जळका वास. हे पॅडचं. स्टॉक पॅड हे गार असताना चांगलं लागावं, आवाज करू नये, धूळ कमी टाकावी आणि डिस्क खाऊ नये म्हणून बनवलेले असतात, तीनचारशे डिग्रीच्या पुढे त्यांनी काम करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. ते जास्त तापले की त्यातली रेझिन जळून वायू सुटतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग गार झाल्यावरही पूर्वीसारखे लागत नाहीत.

इथे मी पहिली मोठी चूक केली. एकदम अस्सल रेसिंगचे पॅड घेतले, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष मालाचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. ट्रॅकवर ते अफाट होते, जितकं तापवावं तितके जास्त चावायचे. पण सोमवारी सकाळी गार गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच सिग्नलला नेहमीच्या जोराने पाय ठेवला तर गाडी जवळजवळ थांबेचना. पुढच्या गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबलो, आणि मागच्या सीटवर मुलगी होती. त्या क्षणी ठरवलं की हे पॅड रोजच्या गाडीत राहणार नाहीत. त्या पॅडना काम करायला आधी उष्णता लागते आणि रोजच्या रस्त्यावर ती कधी मिळतच नाही. शिवाय गार असताना ते डिस्क किसतात, प्रत्येक सिग्नलला किंचाळतात, आणि त्यांची लोखंडी धूळ पावसात अलॉयवर गंजून तांबूस ठिपके धरते जे घासूनही जात नाहीत.

मग डीएस२५००. हे बरीच वर्षं बाजारात असलेलं कंपाउंड, म्हणजे पॅडच्या मालाचं मिश्रण, आहे, फेरोडो स्वतः याचा घर्षणांक सरासरी ०.४२ आणि काम करायचं तापमान २० ते ५०० डिग्री सांगते, आणि मला त्यातला तो २० चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. गार सकाळी पहिल्या ब्रेकला स्टॉकपेक्षा किंचित कमी चावतात, पाय थोडा जास्त लागतो, पण थांबतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकनंतर स्टॉकपेक्षा चांगले. ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये माझ्या वजनाच्या गाडीला पूर्ण पुरले, फेड, म्हणजे तापून पकड कमी होणं, असा जाणवलाच नाही. पेडलला प्रमाण फार छान आहे, जेवढा पाय तेवढा ब्रेक, कॉर्नरमध्ये शिरताना हळूहळू पाय सोडायचा असतो तेव्हा ते कळतं. तोटे पण सांगतो. हळू वेगात, विशेषतः सोसायटीच्या पार्किंगमध्ये वगैरे, कुरकुर आवाज करतात, घरच्यांनी दोनदा विचारलं काय वाजतंय म्हणून. धूळ स्टॉकपेक्षा जास्त. आणि गाडी जड असेल, पंधराशे-सोळाशे किलोच्या पुढे आणि इंजिन ताकदीचं, तर ५०० डिग्रीची मर्यादा तुम्ही गाठाल, मग हे पॅड भराभर झिजतील आणि तुम्हाला त्याच्या वरचं काहीतरी घेऊन ट्रॅकच्या आदल्या दिवशी बदलायची सवय लावावी लागेल. पॅड बदलणं तसं अवघड नाही, एका बाजूला अर्धा तास, पण दरवेळी करायची तयारी हवी आणि एकाच डिस्कवर दोन वेगळी कंपाउंडं आलटून पालटून वापरली की थरावर थर बसून ब्रेक थरथरायची शक्यता असते. पाचपैकी साडेचार.

कुठलेही पॅड घ्या, दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं, पहिलं गार असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. त्यावरून पॅड ट्रॅकवर किती टिकेल ते अजिबात कळत नाही, पण एफई लिहिलेले पॅड तापल्यावर कमी पडणार एवढं तरी कळतं. दुसरं म्हणजे कायदा. युरोपात रस्त्यावरच्या बदली पॅडना ईसीई आर९० मान्यता लागते आणि बऱ्याच ट्रॅकच्या कंपाउंडना ती नसते, तेव्हा तुमच्या इथला नियम आणि विमा काय म्हणतो ते विकत घ्यायच्या आधी बघा.

आणि बेडिंग, म्हणजे नवे पॅड हळूहळू तापवून डिस्कवर बसवणं, करा, कृपा करून करा. नवे पॅड लावून थेट ट्रॅकवर गेलात तर पॅडमधला वायू पहिल्यांदाच एकदम बाहेर पडतो आणि नवाकोरा ब्रेक फेड होतो, हे मी एका ओळखीच्या मुलाबरोबर होताना बघितलंय, दुसऱ्याच लॅपला. मी काय केलं, मोकळ्या रस्त्यावर १०० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक, कुठेही पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी फिरवली आणि गार केली, परत एकदा तसंच थोड्या जास्त जोराने. प्रत्येक कंपनीची पद्धत जराशी वेगळी असते, खोक्यावर असते ती पाळा. डिस्कवर पॅडच्या मालाचा एकसारखा निळसर करडा पातळ थर दिसला की झालं. पुढची सगळी पकड त्या थरावर अवलंबून असते.

डिस्कबद्दल माझी दुसरी चूक. दिसायला भारी म्हणून ड्रिल केलेल्या, म्हणजे आरपार भोकं असलेल्या डिस्क घेतल्या, त्याही स्वस्तातल्या, नाव सांगत नाही. तिसऱ्या ट्रॅक डेनंतर चाक काढून बॅटरी मारून बघितलं तर जवळजवळ प्रत्येक भोकापासून केसासारखी चीर निघालेली, आणि दोन ठिकाणी एका भोकाची चीर दुसऱ्या भोकाला जाऊन मिळालेली. नखाने ओढलं तर नख अडकत होतं. त्याच डिस्कवर आम्ही चौघं आदल्या रात्री लग्नाहून परत आलो होतो. भोकांच्या कडेला ताण एकवटतो आणि तापणं-निवणं सारखं चालू असलं की चीर तिथूनच सुरू होते. शिवाय जेवढी भोकं तेवढा माल कमी, आणि डिस्कचं पहिलं काम उष्णता साठवणं हेच आहे, मग वजन कमी करून काय मिळवलं? त्या दिवशीच काढून भंगारात टाकल्या आणि कंपनीच्या मापाच्या साध्या, चांगल्या दर्जाच्या व्हेंटिलेटेड डिस्क लावल्या. त्यात हळहळ वाटावी असं काही नाही, स्वस्त असतात, सगळीकडे मिळतात, आणि झिजल्या की बिनधास्त बदलता येतात. चरे पाडलेल्या, म्हणजे स्लॉटेड डिस्क ठीक आहेत, पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅड थोडे जास्त खातात आणि घुर्र आवाज येतो. साध्या डिस्कवरही पृष्ठभागावर बारीक उष्णतेच्या रेषा येतात, त्या चालतात, पण एखादी रेषा कडेपर्यंत पोचली की डिस्क संपली. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा, अंदाजाने बघू नका.

आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की गॅरेजमध्ये लगेच म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, पॅडचा माल एका जागी जास्त चिकटलेला असतो. हे होतं कसं, तर गरम डिस्क घेऊन पिटमध्ये यायचं आणि ब्रेकवर पाय ठेवून उभं राहायचं, किंवा हँडब्रेक ओढायचा. पॅड जिथे दाबला गेला तिथे त्याचा ठसा उमटतो. म्हणून शेवटची लॅप हळू, ब्रेक जवळपास न वापरता मारायची, आणि गाडी सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावून उभी करायची. दोन मिनिटं थांबून थोडी पुढे सरकवली तर अजून चांगलं. कूलडाउन लॅप ऑइलसाठीही तेवढीच महत्त्वाची, कारण गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि डिस्कची उष्णता हळूहळू कॅलिपरमध्ये जाते, लॅपवर न उकळलेलं ऑइल पार्किंगमध्ये उकळतं, आणि पुढच्या सेशनला बाहेर पडताना पहिलंच पेडल खाली जातं.

स्टीलच्या जाळीचे होज. लावले, आवडले, पण यावरून फार अपेक्षा ठेवू नका. रबरी होज दाबाखाली थोडे फुगतात, हे फुगत नाहीत, त्यामुळे पेडल जरा आखूड आणि घट्ट लागतं. थांबायचं अंतर कमी होत नाही. तुमचे रबरी होज जुने, भेगाळलेले असतील आणि नाहीतरी बदलायचेच असतील तर हे घ्या, नाहीतर नंतर बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण वळवून होज कुठे टायरला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना ते बघा, ती स्टीलची जाळी घासली तर समोरचं कापते आणि स्वतःही तुटते. पाचपैकी तीन.

हवा लागावी म्हणून डिस्कच्या मागचे धूळ अडवणारे पत्रे काढा असं बरेच जण सांगतात. मी एकदा काढले, पुढच्या आठवड्यात डिस्क आणि त्याच्या मागच्या भागात एक खडा अडकला आणि घरी येईपर्यंत जे किंचाळत होतं ते ऐकून परत लावले. हातात धरायचा थर्मामीटर चकचकीत डिस्कवर नीट आकडा दाखवत नाही, त्यापेक्षा तापमान दाखवणारे रंग मिळतात, डिस्कच्या कडेला लावायचे, हिरवा ४३० ला बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. माझा हिरवा गेला आणि नारिंगी तसाच राहिला, त्यावरून डीएस२५०० माझ्या गाडीला पुरतात हे अंदाजाऐवजी डोळ्यांनी कळलं. छोटीशी बाटली असते, ज्यांना पुढचे पॅड कुठले घ्यायचे हे ठरत नाही त्यांनी जरूर घ्या.

मोठ्या ब्रेक किटबद्दल विचारणारे खूप भेटतात म्हणून लिहितो. किट वाईट नसतं, पण रोजच्या हलक्या गाडीला आणि वर्षाला चार दिवसांसाठी तो खर्च भरून निघत नाही. पुढचा ब्रेक खूप वाढला की पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बिघडतं, मोठी चाकं लागतात, कधी कधी स्पेअर व्हील बसत नाही, आणि काही किटचे कॅलिपर फक्त रेसिंगसाठी असल्यामुळे त्यांना धुळीपासून वाचवणारे रबरी बूटच नसतात, रस्त्यावरच्या घाणीत ते वर्षभरात अडकतात. खरंच मोठे ब्रेक हवेच असतील तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या, जास्त ताकदीच्या व्हेरिएंटचे डिस्क-कॅलिपर बसतात का ते आधी बघा, तो रस्ता बहुतेक वेळा स्वस्त आणि भरवशाचा असतो.

मागच्या ब्रेककडे सगळेच दुर्लक्ष करतात, मीही केलं. पुढचे पॅड ट्रॅकचे आणि मागचे साधे, हे प्रमाण सुरक्षित आहे, उलटं कधी करू नका, मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते. पण सहाव्या ट्रॅक डेनंतर बघितलं तर मागच्या उजव्या चाकाचा आतला पॅड ३ मिलिमीटर उरला होता, डावा बऱ्यापैकी शिल्लक. कारण ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा. कॉर्नरमध्ये गाडी थोडी जरी सुटली की ती एकेका चाकाला गुपचूप ब्रेक लावत असते, तुम्ही पेडलला पायही लावलेला नसतो, आणि एकाच दिशेच्या कॉर्नरचा ट्रॅक असला की एकच चाक मार खातं. नवीन असाल तर ईएसपी बंद करू नका, फक्त प्रत्येक ट्रॅक डेनंतर मागचे पॅड आतल्या बाजूने बघा, बाहेरून दिसतो तो पॅड बऱ्याचदा जास्त जाड असतो. त्याच वेळी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडिंग पिन हाताने हलवून बघा, घट्ट झाल्या असतील तर काढून पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. माझी एक पिन अडकली होती आणि तिच्यामुळे पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला होता, नवे पॅड लावूनही तसंच झालं असतं.

पॅड अर्ध्याच्या खाली गेले की मी ट्रॅकवर जात नाही. संपायला वेळ असतो, पण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, सगळी सरळ पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते, आणि ३१२ डिग्रीचं ऑइलसुद्धा मग अपुरं पडतं. उरलेले पॅड रस्त्यावर महिनोन्महिने चालतात, काही वाया जात नाही.

सध्या पुढचे डीएस२५०० चे दुसरे जोड निम्म्याच्या थोडे वर आहेत, डिस्क त्याच, जाडी दोन्ही बाजूंना सारखी. पुढच्या ट्रॅक डेच्या आदल्या रविवारी भावाला परत पेडलवर बसवायचंय, सीलबंद बाटली आणून ठेवलीय.